काका, तुम्ही भिंतीत आहात

आर्किटेक्टच्या ऑफिसात घर जन्माला येतं ते आडवं. उभं राहण्याची जबाबदारी त्याच्यावर नंतर कधीतरी, साइटवर येऊन पडते. मी ड्राफ्ट्समन असल्यामुळे या आडव्या अवस्थेचा सगळा कारभार माझ्याकडे. कोल्हापुरात आयटीआय केलं, मिनी ड्राफ्टर आणि सेट स्क्वेअर घेऊन बोर्डापुढे उभा राहिलो, ट्रेसिंग पेपरवर शाईने भिंती ओढल्या, क्लायंटचं मन बदललं की त्याच भिंती दाढीच्या ब्लेडने खरवडल्या आणि अमोनियाच्या वासात डोळे पुसत प्रिंटा काढल्या. (लोकांना वाटायचं, कामात जीव ओतलाय.) मग ऑटोकॅड आलं. बोर्ड गेला, ब्लेड गेलं, अमोनियाही गेला. घर मात्र आडवंच राहिलं.

ऑटोकॅडच्या पडद्यावर खाली तीन आकडे असतात. माउस हलवला की पहिले दोन उड्या मारतात. तिसरा ०.०००० वर ठाम. हा तिसरा म्हणजे उंची. इतकी वर्षं आम्ही एका पडद्यावर नांदलो, पण मी कधी त्याची चौकशी केली नाही आणि त्यानेही कधी तक्रार केली नाही. संसार असावा तर असा.

यात बिब्बा घातला साहेबांनी. ते कुठल्याशा सेमिनारला गेले आणि येताना एक कापडी पिशवी, एक पेन आणि एक विचार घेऊन आले. विचार असा की यापुढे ऑफिसात सगळं थ्रीडी.

"का पण, साहेब?"

"अहो, क्लायंटला प्लॅन कळत नाही."

क्लायंटला प्लॅन कळत नाही या एका भक्कम खांबावर हे ऑफिस उभं आहे, हे साहेबांना सांगावं असं फार वाटलं. पण महिनाअखेर होती.

मला शिकवायला नेमली ती नुकतीच आर्किटेक्ट झालेली मुलगी. मी ज्या खुर्चीवर बसतो ती तिच्यापेक्षा वयाने मोठी आहे. साहेबांसमोर मी तिला 'मॅडम' म्हणतो, साहेब आत गेले की 'अगं'. ती मात्र दोन्ही वेळा 'काका'च म्हणते आणि त्या 'काका'त इतकी माया असते की आपल्याला एखादा आजार झालाय आणि घरच्यांनी तो लपवून ठेवलाय असं वाटू लागतं.

पहिला धडा फिरण्याचा. माउसचं चाक दाबून धरायचं आणि हात हलवायचा, की घर फिरतं. मी दाबलं. घर फिरलं. नुसतं फिरलं नाही, कलंडलं, पालथं झालं आणि चारही पाय वर करून पडलं.

"आता आपण कुठं आहोत?" मी विचारलं.

"जमिनीखाली."

खालून बंगला बघण्याची माझी पहिलीच वेळ. एरवी त्या भागात उंदीर आणि पालिकेची पाइपलाइन सोडून कुणी जात नाही. घाबरून मी चाक उलटं फिरवलं. पडदा झपाट्याने पुढे आला, हॉल गेला, जिना गेला आणि सगळीकडे करडा रंग पसरला. वीज गेली की काय म्हणून मी वर पंख्याकडे बघितलं. पंखा चालू होता.

"काका, तुम्ही भिंतीत आहात."

हे वाक्य तिने ज्या सहजतेने उच्चारलं, त्यावरून भिंतीत असणं हे आमच्या धंद्यात नित्याचं असावं. अनारकलीला चिणायला निदान गवंडी लागले, बादशहाचा हुकूम लागला. मी आपल्या हाताने, एका बोटाने आत गेलो होतो. "मागे या, काका," ती म्हणाली. मागे आलो तो कपाटात. कपाटातून निघालो तो वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये. तिथून थेट आभाळात, जिथून बंगला एक ठिपका दिसत होता. त्या उंचीवर मला जरा बरं वाटलं. वरून बघितलेलं घर. आपलं घर!

"प्लॅनमध्ये जायचं नाही," ती म्हणाली. "सवय मोडायचीय ना?"

मग अक्ष आले. तांबडा, हिरवा आणि निळा. लांबी, रुंदी, उंची. आता कोल्हापूरच्या माणसाला तांबडा म्हटलं की पुढे पांढरा ऐकायची सवय; निळा आजवर कुठल्या खानावळीत कुणी मागितला नव्हता. तरी मी हिंमत करून गॅलरीला रेलिंग काढलं. समोरून बघितलं तर अगदी चपखल बसलेलं. साहेबांना हाक मारण्यासाठी मी अर्धा उठलोसुद्धा. तेवढ्यात तिने घर जरासं फिरवलं. गॅलरी जागच्या जागी होती. रेलिंग रस्ता ओलांडून समोरच्यांच्या अंगणात उभं होतं.

त्रिमितीची ही खोड मला अजून झेपलेली नाही. कागदावर दोन रेघा भेटल्या म्हणजे भेटल्या. इथे त्या भेटल्याचं नाटक करतात. तुम्ही समोर आहात तोवर गळ्यात गळा, आणि जरा बाजूला सरकलात की मध्ये दोन गल्ल्यांचं अंतर. आमच्या भाऊबंदकीत ही गोष्ट मला जन्मापासून माहीत होती, पण सॉफ्टवेअरकडून ती अपेक्षा नव्हती.

चिकटण्याचा प्रकार याच्या नेमका उलट. सोफा फूटभर सरकवायला गेलो तर भिंत सोबत आली. भिंतीबरोबर खिडकी आली आणि खिडकीने शेजारची बेडरूम ओढून आणली.

"ग्रुप केला नव्हता का, काका?"

"मी आयुष्यात कधी कुठल्या ग्रुपात पडलो नाही."

"म्हणूनच सगळं चिकटतंय."

यावर उत्तर नव्हतं. सोसायटीच्या निवडणुकीपासून मला हेच सगळे सांगत आलेत.

मापांनी वेगळाच इंगा दाखवला. नऊ इंची भिंत म्हणजे २३० मिलीमीटर, हे आमच्या बोटांना पाठ. बोटांनी २३० दाबलं. सॉफ्टवेअर त्या दिवशी मीटरमध्ये बसलं होतं. २३० मीटर जाडीची भिंत पन्हाळ्यालाही नाही. सिद्दी जौहर दहा वर्षं बसला असता तरी बेडरूमपर्यंत पोहोचला नसता.

पण या सगळ्यावर कडी केली ती कंपाउंडने. झालं असं, की प्लॉटचा सर्व्हे टोटल स्टेशन लावून केलेला. सर्व्हेवाले एखाद्या पक्क्या खुणेची उंची १०० मीटर धरतात आणि बाकीचा प्लॉट त्या हिशोबाने मोजतात. त्यांच्या फाइलीतला प्रत्येक ठिपका त्यामुळे शंभराच्या आगेमागे तरंगत असतो. सपाट प्लॅनमध्ये याचा कुणालाच पत्ता लागत नाही. मी त्याच ठिपक्यांना धरून चोख कंपाउंड काढलं, गेट बसवलं, गेटवर दिवेही लावले. मग साहेब क्लायंटसाठी म्हणून घर फिरवून बघायला आले. खाली बंगला होता. कंपाउंड सापडेना. बराच वेळ वर वर गेल्यावर ते सापडलं, गेटसकट, दिव्यांसकट.

"हे काय आहे?"

"संरक्षक भिंत, साहेब."

"कुणापासून? घारींपासून?"

अशा वेळी माणूस इतिहासात आसरा शोधतो. या विद्येचा मूळपुरुष गास्पार मोंज नावाचा फ्रेंच गणिती. मेझिएरच्या लष्करी शाळेत असताना किल्ल्याच्या तटबंदीचा एक किचकट प्रश्न त्याने आकडेमोड बाजूला ठेवून नुसत्या रेघांनी सोडवला. वरून एक चित्र, समोरून एक चित्र, आणि दोन्ही मिळून अख्खी वस्तू. वरिष्ठांचा आधी विश्वासच बसेना, आणि बसला तेव्हा त्यांनी ही पद्धत लष्करी गुपित म्हणून कुलूपबंद केली. १७९५ साली पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये मोंजने तिच्यावर उघड व्याख्यानं दिली तेव्हा कुठे ती बाहेर पडली. मला विचाराल तर कुलूप घाईने उघडलं. आयटीआयमध्ये खडूचा डबा हातात धरून "समोरून काय दिसतं? वरून काय दिसतं?" म्हणून आम्हाला उभं केलं जायचं, तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरांचं मत हेच होतं की हे गुपितच बरं होतं.

संगणकवाल्यांचीही मी माहिती काढली. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंडने पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने रेघा काढून दाखवल्या. सपाट रेघा. माझ्या तोंडून "वा!" निघालं. पण तिथल्याच टिमथी जॉन्सनला त्याच वर्षी चैन पडेना, आणि त्याने तो सगळा प्रकार त्रिमितीत नेला. म्हणजे सपाट माणसाला या जगात सुखाचं पुरतं एक वर्षही मिळालं नाही.

खरा दिलासा दिला तो एका किटलीने. थ्रीडीच्या दुनियेतली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे चहाची किटली. युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल याला १९७५ मध्ये संगणकावर चितारायला एखादी वस्तू हवी होती. त्याने घरातली चहाची किटली घेतली. त्यानंतर जगभर ज्याला त्याला आपलं सॉफ्टवेअर कसं झक्कास चालतं हे दाखवायचं असेल तो हीच किटली चमकवून दाखवू लागला. खरी किटली आज कॅलिफोर्नियातल्या संगणक संग्रहालयात आहे. आणि गंमत ही, की संगणकातल्या पहिल्या किटलीला बूडच नव्हतं. जगातल्या एवढ्या हुशार माणसांनी वर्षानुवर्षं बिनबुडाच्या किटलीची आरती ओवाळली, आणि इथे माझं कंपाउंड जरा वर गेलं तर घारी काढतात!

हे मी मुलीला ऐकवलं. ती म्हणाली, "काका, चहा सांगू का?"

पण शिकता शिकता एक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली. प्लॅन ही अत्यंत सभ्य वस्तू आहे. घर साधारण खिडकीच्या उंचीवर आडवं कापायचं आणि वरून बघायचं, याला प्लॅन म्हणतात. त्या कापापेक्षा वर जे काही असेल, म्हणजे बीम, माळा, छज्जा, म्हणजेच माणसाच्या डोक्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी, त्या तुटक रेषेत दाखवायच्या. तुटक रेषेवर आजपर्यंत कुणाचं कपाळ फुटलेलं नाही. सेक्शन म्हणून उभा काप असतो खरा, पण तो कुठून घ्यायचा हे कोण ठरवतं? मीच. महानगरपालिकेला हवा असतो तेवढा जिना पकडायचा आणि पुढची रेघ हळूच अशा खोल्यांतून न्यायची जिथे घरात काहीही घडत नाही. आमच्या ऑफिसातले सगळे सेक्शन वर्षानुवर्षं एकाच रिकाम्या स्टडीरूममधून गेलेत. बाकी जे उरेल त्याला आमच्याकडे एक मंत्र आहे: "साइटवर बघू."

तर तो जिना. मजल्याची उंची १० फूट, सहा इंची २० पायऱ्या, दहाव्या पायरीला लँडिंग. बंगल्यात जिन्याखालची जागा वाया घालवायची नसते, हा मराठी माणसाचा बाणा. तिथे टॉयलेट येतं. प्लॅनमध्ये ४ बाय ६ ची देखणी खोली, अडीच फुटी दार, दाराचा नाजूक पाव गोल. कुणालाही राहावंसं वाटेल. मुलीने हे सगळं माझ्याच प्लॅनवरून उभं केलं आणि मला हाक मारली.

लँडिंग पाच फुटांवर. त्यातून स्लॅबचे पाच इंच गेले. खाली उरले ४ फूट ७ इंच. आणि दार होतं नेहमीचं, सात फुटी. ते लँडिंग फोडून आरपार वर आलं होतं. जिना चढणाऱ्याला वळणावर दोन फूट उंचीचं दार उगवलेलं दिसत होतं, कडीसकट.

"काका, असं प्रत्येक बंगल्यात आहे का?"

"सगळीकडेच असतं," मी म्हणालो. "साइटवर बघतात."

"कोण बघतं?"

त्या पोरीला असले प्रश्न विचारायला पगार मिळतो.

तेवढ्यात क्लायंट सहकुटुंब आले, त्यामुळे विषय तिथेच थांबला. गृहस्थ, त्यांची बायको, त्यांची आई. साहेबांनी दिवे मालवले आणि मोठ्या पडद्यावर घर लावलं. सहा महिने ज्या प्लॅनवर या कुटुंबाची एकवाक्यता होती, ती पहिल्या पाच मिनिटांत संपली. प्लॅनमध्ये प्रत्येकाने आपापलं घर बघितलेलं असतं. बायकोने हॉल केवढा मोठा बघितलेला, नवऱ्याने खर्च केवढा लहान. आता दोघांना एकच घर दिसत होतं आणि ते दोघांचंही नव्हतं.

आजींची शंका वेगळी. "हा कोण बाप्या उभा हाय आमच्या सोप्यात?"

उंचीचा अंदाज यावा म्हणून सॉफ्टवेअर एक माणूस उभा करून ठेवतं. मुलीने तसं समजावलं. आजींचं समाधान झालं नाही. "कुणाचा कोण, आन् पायात बूट घालून उभा." त्याला काढून टाकावं लागलं. मग दारातली परदेशी झाडं गेली आणि आंबा आला. अनोळखी निळी गाडी गेली आणि गृहस्थांची पांढरी गाडी आली, नंबरसकट. एवढं झाल्यावर घराकडे बघायला सुरुवात झाली. वास्तुतज्ज्ञांना फोन लावून पडदा दाखवला तर ते गडबडले, कारण त्यांची ईशान्य आमच्या हातासरशी फिरत होती. त्यांनी साधा प्लॅन पाठवायला सांगितला. या संबंध प्रकरणात मला भेटलेला माझ्या जातकुळीचा तो एकमेव माणूस.

साहेबांना उत्साह आवरेना. त्यांनी मुलीला ऊन दाखवायला सांगितलं. तारीख आणि वेळ टाकली की सूर्य त्या जागी येतो आणि घरात सावल्या सरकतात. कोल्हापूरच्या माणसाला घरात शिरणारं मावळतीचं ऊन दाखवल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला.

"मग आमच्या देवघरात किरणोत्सव होईल का?"

अंबाबाईच्या देवळात ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांच्याकडे ना चाक होतं ना निळा अक्ष. आता वाटेत इमारतींचे अडथळे येतात म्हणून दर वर्षी गावभर चर्चा होते, ती वेगळी. ते काम या गृहस्थांना दोन गुंठ्यांत करून हवं होतं.

"का नाही?" साहेब म्हणाले.

मुलीने ९ नोव्हेंबर टाकली. सूर्य पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे कलून मावळू लागला. देवघर ईशान्येला. किरण निघाला. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालता येत नाही म्हणून टाकी तात्पुरती पुसली. किरण आमच्या पश्चिमेच्या भिंतीशी आला, तिथल्या एकुलत्या एक झरोक्यातून आत शिरला आणि थेट देवघराच्या रोखाने निघाला. सगळे श्वास रोखून बसले होते.

"ही खिडकी कसली?" आजींनी विचारलं.

"जिन्याखालच्या टॉयलेटची," मी म्हणालो. "फक्त त्या वेळी आतलं दार उघडं ठेवावं लागेल."

आजींनी पदर सावरला. "राहू दे तो सूर्य तिकडंच."

पण तोवर सगळ्यांच्या नजरा जिन्यावर खिळल्या होत्या आणि लँडिंगवर दोन फूट दार उभं होतं. गृहस्थांनी बोट दाखवलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुलीकडे बघितलं. मुलीने, नवीनच आहे ती, सरळ मिस्त्रींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"त्यात काय एवढं?" मिस्त्री म्हणाले. मागे मिक्सर गरगरत होता. "जोतं दोन फूट हाय न्हवं? संडासापुरतं भरायचंच न्हाई. चार पायऱ्या खाली उतरून जायाचं. साडेसहा फूट उंची मिळती आन् वर इंचभर उरतंय."

"पण दार सात फुटी आहे."

"प्लॅनात सात फुटी असतंय. आम्ही साडेसहाचं लावतो."

"नेहमी?"

"जिना आला की खाली संडास आलाच की, पोरी. कवापासनं करतोय."

मला राहवलं नाही. "अहो मिस्त्री, मग इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं!"

पलीकडे मिक्सर बंद झाला. "तुमास्नी वाईट वाटलं असतं."

दिवे लागले. साहेब गृहस्थांना सांगत होते की चार पायऱ्या उतरून जायचं टॉयलेट हा या घराचा मूळ कन्सेप्टच आहे, हल्ली मोठमोठ्या हॉटेलांत असंच करतात. गृहस्थ मान डोलावत होते. बायकोने वरच्या मजल्यावरही असंच करता येईल का म्हणून विचारलं.

"मिस्त्री, मी मॉडेल बदलून पाठवते हं," मुलगी फोनवर म्हणाली.

"पाठव की. पर ते फिरतं नगं पाठवू. पोरं मोबाइलवर घर गरगर फिरवत बसत्यात आन् माल वाळतोय. काकांचा तो आडवा कागद दे. आन् सायबांना सांग, खोदाईचं वेगळं लावणार हाय."